क्रॉसनेस पंपिंग स्टेशन, लंडन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमधे राहणारे आणि लंडनला फिरायला येणारे मराठी लोक क्रॉसनेसबद्दल परत परत जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे जरा किचकट होत जातात. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून जिथे उत्तर आधी येऊन गेलंय तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. क्रॉसनेस म्हणजे नक्की काय? म्युझियम आहे की कारखाना?

मूळचं ते सांडपाणी उपसायचं पंपिंग स्टेशन. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, लंडनच्या पूर्वेला अ‍ॅबी वूड आणि थेम्समीडच्या बाजूला दलदलीचा भाग आहे तिथे १८५९ ते १८६५ मधे बांधलं आणि ४ एप्रिल १८६५ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून सुरू झालं. दक्षिण लंडनचा सगळा मैला गटारांमधून इथे यायचा आणि वाफेवर चालणारी चार मोठी इंजिनं तो वर उपसायची. आता जुनी इमारत म्युझियम आहे, एक ट्रस्ट चालवतं आणि काम करणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक आहेत. पण कंपाउंडच्या पलीकडे आजचा सांडपाणी प्रकल्प जोरात चालू आहे, त्यामुळे वारा तिकडून आला तर वास येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

२. लंडनला एवढं मोठं पंपिंग स्टेशन लागलंच कशाला?

कारण लंडन स्वतःच्या घाणीत बुडत होतं, आणि हे शब्दशः खरं आहे. आधी घरांखाली मैल्याच्या विहिरी असायच्या, रात्री माणसं येऊन उपसून न्यायची आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकायची. मग फ्लशचे संडास आले, पाणी प्रचंड वाढलं, विहिरी भरून वाहायला लागल्या, म्हणून त्या पावसाच्या गटारांना जोडल्या आणि ती गटारं सरळ थेम्समधे उतरत होती, म्हणजे ज्या नदीतून बऱ्याच लोकांना प्यायचं पाणी मिळत होतं तिच्यातच सगळं जायला लागलं. कॉलऱ्याच्या साथी एकामागून एक आल्या, १८४८-४९ च्या एकाच साथीत लंडनमधे १४ हजारांवर माणसं गेली.

तरी पैसा सुटत नव्हता. गटारं बांधायला १८५६ साली मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचं काम सुरू झालं, जोसेफ बॅझलजेट त्याचा चीफ इंजिनियर झाला, त्याच्याकडे आराखडे तयार होते, पण सरकार आणि बोर्ड मैला नदीत नक्की कुठे सोडायचा यावर वाद घालत बसले. मग १८५८ चा उन्हाळा आला. कडक ऊन, नदीला पाणी कमी, आणि काठावर उघडा पडलेला मैला. नव्या पार्लमेंटची इमारत अगदी नदीला लागून, त्यामुळे खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराईडमधे भिजवून लावले तरी खासदारांना आत बसवेना. वर्षानुवर्षं अडकलेला कायदा त्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या आत तयार झाला आणि २ ऑगस्ट १८५८ ला मंजूर झाला, बोर्डाला ३० लाख पौंड कर्ज काढायची मुभा मिळाली. गरीब वस्त्यांमधली माणसं पंचवीस वर्षं मरत होती तेव्हा हे झालं नाही, वास खासदारांच्या नाकापर्यंत गेला तेव्हा झालं, आणि मला वाटतं हे क्रॉसनेसच्या गोष्टीत कधी गाळू नये.

३. पण मैला उपसायचा कशाला? उताराने सरळ नदीत सोडता आला नसता का?

बॅझलजेटची मूळ आयडिया अशी की नदीकडे जाणारी जुनी गटारं मधेच अडवायची आणि नदीला समांतर पूर्वेकडे जाणाऱ्या मोठ्या गटारांमधे वळवायची, म्हणजे घाण शहराबाहेर जाईल. पाणी आपोआप वाहायला गटाराला उतार लागतो, त्याने दर एक मैल अंतरामागे निदान २ फूट धरला होता. आता मैलोन्‌मैल उतार देत गेलं की गटार खोल खोल जाणार, आणि दक्षिण लंडन आधीच सखल, त्यातला काही भाग तर भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. म्हणून डेप्टफर्डला एकदा मैला १८ फूट उचलायचा, तिथून साडेसात मैलांच्या मोठ्या गटाराने तो क्रॉसनेसला यायचा, आणि इथे परत ३० ते ४० फूट उचलून झाकलेल्या टाकीत भरायचा.

टाकी कशाला, तर भरतीसाठी. थेम्सला इथे भरती-ओहोटी असते, भरती चढताना मैला सोडला तर तोच परत शहराकडे गेला असता. म्हणून तो २ कोटी ७० लाख गॅलनच्या, म्हणजे साधारण १२ कोटी लिटरच्या टाकीत साठवून ठेवायचा आणि ओहोटी लागली की दारं उघडायची. सगळं वेळापत्रक चंद्रावर चालायचं.

४. ही इमारत बॅझलजेटने डिझाईन केली ना?

पूर्ण योजना आणि इंजिनांचं स्पेसिफिकेशन त्याचं. पण आत गेल्यावर आपण ज्याच्याकडे बघत राहतो ते ओतीव लोखंडाचं, म्हणजे बिडाचं काम आर्किटेक्ट चार्ल्स हेन्री ड्रायव्हरचं. बांधकामाचा कॉन्ट्रॅक्टर विल्यम वेब्स्टर आणि इंजिनं जेम्स वॅट अँड कंपनीची. बॅझलजेटला १८७५ साली सर ही पदवी मिळाली, नदीकाठी त्याचं स्मारक आहे, त्याच्या नावाने रस्ते आहेत. ड्रायव्हरचं नाव मात्र फार कमी जणांना माहिती असतं, हे मला खटकतं. दक्षिण लंडनमधे राहत असाल तर त्याचं काम तुम्ही न कळत रोज बघताय, पेकहॅम राय, डेन्मार्क हिल, बॅटरसी पार्क ही रेल्वे स्टेशनं त्याचीच. लोखंडाला नाजूक करायची हातोटी या माणसाकडे होती.

५. मैला उपसायच्या इमारतीला एवढं नक्षीकाम कशाला? कोण बघणार होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

एक कारण सरळ आहे, बोर्डाला दाखवायचं होतं. लोकांचे पैसे घेतलेत, ते जमिनीखाली विटांमधे गाडले गेलेत, कुणाला दिसत नाहीत, वर जे काय दिसतं ते म्हणजे पंपिंग स्टेशन. म्हणून ते भक्कम आणि देखणं हवं होतं, आणि जाळ्यांमधे बोर्डाच्या आद्याक्षरांचा मोनोग्रामही बसवलाय. दुसरं म्हणजे बीड साच्यात ओततात, एकदा साचा केला की तोच खांब, तीच जाळी परत परत निघते, हाताने दगड कोरण्याच्या मानाने नक्षी खूपच स्वस्त पडते. त्या काळात इंग्लंडातल्या फाउंड्रीज हेच करत होत्या. आपल्या मुंबईतलं काळाघोड्याचं वॉटसन हॉटेल, आताची एस्प्लनेड मॅन्शन, त्याचा लोखंडी सांगाडा त्याच दशकात इंग्लंडात ओतून जहाजाने नेला आणि मुंबईत उभा केला.

पण माझ्या मते एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. शहराची घाण वाहून नेणं हे हलकं काम, ते नजरेआड ठेवायचं, असं तेव्हाही लोक मानत होते आणि आजही मानतात. या लोकांनी त्या कामाला देवळासारखी इमारत दिली. आत राबणाऱ्या इंजिन ड्रायव्हरांना, कोळसा ओढणाऱ्यांना रोज डोक्यावर ते खांब आणि कमानी दिसत होत्या. सार्वजनिक कामाला हा मान देणं मला फार मोलाचं वाटतं आणि क्रॉसनेस जपायचं माझ्यासाठी पहिलं कारण हेच आहे.

गाइड एक गोष्ट आवर्जून दाखवतात, पानाफुलांच्या नक्षीत अंजीर आणि सोनामुखीच्या शेंगा आहेत, दोन्ही पोट साफ करणाऱ्या.

६. आत गेल्यावर नक्की काय दिसतं?

बाहेरून इमारत फिकट पिवळसर विटांची, लाल विटांचे पट्टे, अर्धगोल कमानी, जुन्या नॉर्मन चर्चच्या धाटणीची. दलदलीतलं कॅथीड्रल असं तिला म्हणतात ते यामुळे. आत चार कोपऱ्यांत चार इंजिनं आणि मधोमध अष्टकोनी जागा, तिला सगळे ऑक्टॅगॉनच म्हणतात. आठ बाजूंना खांब, खांबांच्या माथ्यावर पानं, मधे जाळीच्या कमानी, वर बघाल तर मजला मधे मोकळा सोडलाय त्यामुळे नजर थेट वर जाते. खांब आणि जाळ्यांना लाल, हिरवा असे ठसठशीत रंग दिलेत.

आता जरा मागे फिरा आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे बघा. तेच खांब, तेच साचे, पण सगळं तपकिरी. गंजाचे पापुद्रे सुटलेत, जाळीच्या पानांच्या कडा खाल्ल्या गेल्यात, नट आणि बोल्ट एकमेकांत विरघळून एकच गोळा झालाय. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चार पावलं टाकली की पन्नास वर्षं कुणी लक्ष दिलं नाही तर काय होतं आणि हात लावला तर काय होतं हे दोन्ही दिसतं. कुणी विचारलं की तिथे सगळ्यात आधी काय बघू, तर मी हे सांगतो, रंगवलेला भाग नंतर, आधी ही सीमारेषा.

७. इंजिन चालतं कसं? इंजिनियर नाही मी, सोप्या भाषेत सांगा.

वरच्या मजल्यावर ४३ फूट लांब, ४७ टनांचा लोखंडी बीम मधोमध टेकवलेला आहे, मुलांच्या सी-सॉ सारखा. एका टोकाला सिलिंडरमधला पिस्टन, वाफ त्याला वर ढकलते आणि खाली ढकलते. दुसऱ्या टोकाला दांडा आणि क्रँक, त्यावर २७ फूट व्यासाचं, ५२ टनांचं फ्लायव्हील. पिस्टन टोकाला पोचला की क्षणभर थांबतो, तेव्हा फ्लायव्हीलचा जोर सगळ्याला पुढे ओढून नेतो म्हणून चाल एकसारखी राहते. टोकं आणि मध्य यांच्या अधेमधे पंपांचे दांडे बीमला लटकवलेत, बीम झुलला की जमिनीखालचे पंप वरखाली होतात, एका झोक्याला एका इंजिनामागे साधारण ६ टन सांडपाणी.

वेग मिनिटाला जेमतेम ११ फेरे. एवढं वजन इतक्या सावकाश आणि इतक्या कमी आवाजात हलतं की पहिल्यांदा बघणाऱ्यांचा विश्वास बसत नाही, त्यांना धडधड, शिट्ट्या, वाफेचे लोट असं काहीतरी अपेक्षित असतं. प्रत्यक्षात तेलाचा वास, एक लांब सुस्कारा आणि मग फ्लायव्हीलचे आरे समोरून सरकत जातात.

८. इंजिनांना राजघराण्यातली नावं का?

व्हिक्टोरिया, प्रिन्स कॉन्सॉर्ट, अल्बर्ट एडवर्ड आणि अलेक्झांड्रा. म्हणजे राणी, तिचा नवरा, मुलगा आणि सून. यातला प्रिन्स कॉन्सॉर्ट अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरमधेच वारला होता आणि अल्बर्ट एडवर्ड म्हणजे उद्‌घाटनाला आलेला तोच प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे सातवा एडवर्ड राजा झाला तो. बोलताना सगळे प्रिन्स कॉन्सॉर्टला नुसतं प्रिन्स म्हणतात.

९. आज चालतं ते इंजिन १८६५ चंच आहे का?

हो आणि नाही. बीम, फ्लायव्हील, एकूण मांडणी मूळची. पण सुरुवातीला प्रत्येक इंजिनाला एकच सिलिंडर होता, वाफ एकदा वापरली की संपलं, आणि वर्षाला ५ हजार टन वेल्श कोळसा लागायचा. विसाव्या शतकाच्या तोंडावर हाइड गावच्या बेंजामिन गुडफेलोच्या कंपनीने चारही इंजिनं ट्रिपल एक्स्पान्शनची करून दिली, म्हणजे तीच वाफ जास्त दाबाच्या सिलिंडरमधून मधल्या दाबाच्या आणि तिथून कमी दाबाच्या सिलिंडरमधे, तीनदा कामाला लावायची. त्यामुळे तुम्ही बघता तो सांगाडा व्हिक्टोरिया राणीच्या मध्यकाळातला आणि सिलिंडरांची व्यवस्था तिच्या शेवटच्या काळातली. काही जण नाराज होतात की मग मूळ स्थितीला का नेलं नाही, पण माझ्या मते ते चुकीचं झालं असतं, इंजिनाने बहुतेक आयुष्य बदललेल्या रूपातच काम केलंय आणि तो बदलही इतिहासच आहे.

वाफ मात्र आताच्या बॉयलरची, जुने १२ कॉर्निश बॉयलर कधीच गेले.

१०. जुन्या चित्रात उंच चिमणी दिसते आणि दर्शनी भाग वेगळा दिसतो, असं का?

चिमणी पाडली, ती आता नाही. दर्शनी भागाचं असं झालं की शहर वाढत गेलं, चार इंजिनं पुरेनात, म्हणून १८९७ साली मूळ इंजिन हाउसला लागूनच नव्या इंजिनांसाठी एक हॉल उभारला. वीट आणि कमानी जुन्याशी जुळवून घेतल्यात त्यामुळे लांबून सगळं एकच वाटतं, पण मूळ दर्शनी बाजू त्याच्या आड गेली. तरी त्या काळच्या लोकांनी निदान शैली सांभाळली, नुसती शेड ठोकून दिली नाही.

११. इथे मैल्यावर प्रक्रिया व्हायची का?

नाही, हा फार कॉमन गैरसमज आहे. पहिली पंचवीस एक वर्षं मैला जसाच्या तसा, न गाळता, थेम्समधे जात होता, फक्त शहरातून हलवून पूर्वेला आणि ओहोटीच्या वेळी. लंडनकरांची सोय झाली, बार्किंग आणि एरिथच्या लोकांच्या दारात घाण आली, त्यांनी तक्रारी केल्या आणि बोर्ड बराच काळ नाकारत राहिलं. १८८० च्या दशकात रॉयल कमिशन नेमलं, त्याने सांगितलं की घन भाग वेगळा करा. मग १८९१ मधे क्रॉसनेसला गाळ बसवायच्या टाक्या झाल्या आणि तो गाळ बोटीत भरून समुद्रात नेऊन टाकायला लागले. ते समुद्रात टाकणं १९९८ पर्यंत चालू होतं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्मानंतरही. क्रॉसनेस सुंदर आहे म्हणून ही बाजू झाकायची गरज नाही. यातला सगळ्यात वाईट प्रसंग पुढच्या प्रश्नात.

१२. प्रिन्सेस अ‍ॅलिसच्या अपघाताशी क्रॉसनेसचा काय संबंध?

३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी प्रिन्सेस अ‍ॅलिस नावाची सहलीची आगबोट लंडनकडे परत येत होती, गच्च भरलेली, आणि गॅलियन्स रीच भागात कोळसा वाहणाऱ्या बायवेल कॅसल या मोठ्या जहाजाने तिला धडक दिली. बोट काही मिनिटांत बुडाली, ६०० च्या वर माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं खूप. क्रॉसनेसने धडक घडवली नाही. पण अपघाताच्या साधारण तासभर आधीच दोन्ही काठांवरच्या टाक्यांमधून मैला नदीत सोडला होता आणि माणसं पडली ती त्या पाण्यात. वाचलेल्यांनी पाण्याची चव आणि वास यांचं जे वर्णन केलं ते तेव्हाच्या पेपरात आलं. मैला कच्चाच नदीत सोडायचा या पद्धतीविरुद्ध लोकमत तापायला ही घटना एक मोठं कारण ठरली.

१३. या गटारांमुळे कॉलरा थांबला हे खरं का?

खरं, पण थोडं उलगडून सांगायला लागतं. हे सगळं बांधलं तेव्हा बहुतेक सगळे जण, बॅझलजेटसुद्धा, रोग दुर्गंधीतून पसरतो असंच मानत होते. डॉक्टर जॉन स्नोने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या उदाहरणाने दूषित पाण्याचा मुद्दा मांडला होता, पण तो तेव्हा सर्वमान्य झाला नव्हता. म्हणजे कारण चुकीचं धरून उपाय बरोबर केला गेला, वास घालवायच्या नादात पाणी स्वच्छ झालं.

१८६६ ची साथ हा याचा जणू पुरावाच. क्रॉसनेस चालू झालं होतं, दक्षिणेचं काम झालं होतं, पण ईस्ट एंडची गटारं अजून पूर्ण जोडली नव्हती, उत्तर लंडनचं पंपिंग स्टेशन अ‍ॅबी मिल्स (प्रश्न १९ बघा) तयार व्हायचं होतं. नेमका त्याच भागात कॉलरा उसळला, साडेपाच हजारांवर माणसं गेली आणि तिथल्या पाणी कंपनीचा ओल्ड फोर्डचा साठा दूषित झाल्याचं निघालं. त्यानंतर लंडनमधे कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही.

१४. बंद कधी पडलं आणि भंगारात कसं गेलं नाही?

डिझेल आणि पुढे विजेचे पंप आले तशी बीम इंजिनांची गरज कमी होत गेली. प्रिन्स कॉन्सॉर्ट शेवटचं १९५३ साली पुराचं पाणी काढायला चालवलं आणि त्याच दशकात सगळं कायमचं बंद झालं. मग इंजिनं तशीच का राहिली, तर ती वाचवावी असं तेव्हा कुणाला वाटलं म्हणून नाही. ती सुटी करून बाहेर काढायचा खर्च भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त होता, म्हणून सोडून दिली. पितळ, तांबं असं सहज निघण्यासारखं जे होतं ते चोरांनी नेलं, छपरातून पाणी येत राहिलं, कबुतरं राहायला आली.

शिवाय मिथेन साठून धोका नको म्हणून तळघरातले पंप आणि नाल्या वाळूने भरून टाकल्या होत्या. तेव्हा सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं, पण पुढे काय झालं ते खालच्या प्रश्नात आहे.

१५. मग परत चालू कुणी आणि कसं केलं?

१९८७ साली क्रॉसनेस इंजिन्स ट्रस्ट ही संस्था झाली. रिटायर्ड फिटर, इंजिनियर, आणि ज्यांचा या क्षेत्राशी काडीचा संबंध नव्हता अशीही माणसं, सगळे फुकट राबले. त्यांनी एकच इंजिन निवडलं, प्रिन्स कॉन्सॉर्ट. बीम इंचभर हलायच्या आधी पंपांच्या भोवतालची आणि खालची सुमारे १०० टन वाळू उपसायची होती, ती अरुंद तळघरातून वर न्यायची. मग गंजाने धरलेला एकेक सांधा सोडवायचा, साफ करायचा, चोरीला गेलेला भाग नवा करायचा. साधारण पंधरा वर्षं गेली आणि २००३ साली प्रिन्स परत वाफेवर फिरला. दुसरं इंजिन, व्हिक्टोरिया, त्यांनी त्यानंतर हातात घेतलं.

कधी जाल तेव्हा त्या लोकांशी बोला. कुठल्या बोल्टने किती छळलं हे ते अजून सांगतात, अगदी बोट ठेवून.

१६. ग्रेड १ लिस्टेड म्हणजे काय? मुंबईतल्या हेरिटेज ग्रेडसारखंच का?

इंग्लंडमधे लिस्टेड इमारतींचे तीन दर्जे आहेत, ग्रेड १, ग्रेड २ स्टार आणि ग्रेड २. नव्वद टक्क्यांच्या वर इमारती ग्रेड २ मधे येतात आणि ग्रेड १ मधे फक्त अडीच टक्के, त्यात मोठी चर्चेस, राजवाडे, किल्ले असे. एका मैल्याच्या पंपिंग स्टेशनला १९७० साली त्या रांगेत बसवलं आणि तेही तेव्हा, जेव्हा आत सगळं गंजत पडलं होतं. बाजूच्या वर्कशॉपच्या बैठ्या इमारती वेगळ्या, ग्रेड २ मधे आहेत.

मुंबईत १९९५ च्या हेरिटेज नियमांनी ग्रेड १, २ अ, २ ब आणि ३ असे दर्जे आले. कल्पना जवळची आहे पण कायदा वेगळा, त्यामुळे एकीकडचा नियम दुसरीकडे लावू नका. इंग्लंडात परवानगी न घेता लिस्टेड इमारतीचं रूप बदलणं किंवा ती पाडणं हा फौजदारी गुन्हा आहे. मात्र लिस्टिंग झालं म्हणून कुणी आपोआप पैसे देत नाही. १९७० ते १९८७ या काळात क्रॉसनेस कागदावर संरक्षित होतं आणि प्रत्यक्षात सडत होतं.

१७. संरक्षण फक्त इमारतीला की आतल्या इंजिनांनाही?

साधारण नियम असा की इमारतीला कायमचं जोडलेलं जे आहे ते इमारतीचाच भाग धरतात. इथली इंजिनं पायातून वरपर्यंत बांधकामात गुंतलेली आहेत, बीमचा टेकू इमारतीच्याच लोखंडी रचनेवर आहे, इंजिन काढलं तर इमारतीला अर्थ उरत नाही. त्यामुळे दोन्ही एकत्रच धरायचं. सुटी हत्यारं, नंतर आणून मांडलेल्या वस्तू यांचं तसं नाही.

याला जोडून बरेच जण विचारतात की उरलेला गंजलेला भाग रंगवून का टाकत नाहीत. पैसा आणि माणसं हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे तो तसा दिसण्यातही काही शिकण्यासारखं आहे (प्रश्न ६ बघा). माझं स्वतःचं मत, गंज थांबवावा पण सगळं चकचकीत करू नये.

१८. हे जगातलं सगळ्यात मोठं वाफेचं इंजिन आहे असं वाचलं, बरोबर आहे का?

अर्धवट वाचलंय. शिल्लक राहिलेल्या रोटेटिव्ह बीम इंजिनांमधे, म्हणजे ज्यात बीम फ्लायव्हील फिरवतो अशा प्रकारात, ही जगातली सगळ्यात मोठी मानली जातात. रोटेटिव्ह हा शब्द गाळला की विधान चुकतं. नेदरलँड्समधलं क्रुकियस इंजिन, १८४९ चं, त्याचा सिलिंडर १४४ इंच व्यासाचा आहे, इथल्यापेक्षा कितीतरी मोठा, पण त्याला फ्लायव्हील नाही. लंडनमधेच क्यू ब्रिजला ९० आणि १०० इंचांची कॉर्निश इंजिनं आहेत, त्यांनाही नाही, आणि ती प्यायच्या पाण्यासाठी होती.

१९. अ‍ॅबी मिल्स आणि क्रॉसनेस एकच का? फोटो अगदी सारखे दिसतात.

दोन वेगळी ठिकाणं. अ‍ॅबी मिल्स नदीच्या उत्तरेला स्ट्रॅटफर्डजवळ, १८६८ चं, उत्तर लंडनसाठी. बोर्ड तेच, बॅझलजेट तोच आणि तिथल्या कामातही ड्रायव्हर होता म्हणून लोखंडकाम बहिणी-बहिणींसारखं दिसतं. मोठा फरक हा की अ‍ॅबी मिल्सची बीम इंजिनं काढून टाकली, इमारत उरली. क्रॉसनेसला इंजिनं जागेवर आहेत. दोन्हीपैकी एकच बघायला वेळ असेल तर डोळे झाकून क्रॉसनेस, शिवाय अ‍ॅबी मिल्समधे एरवी जाता येत नाही.

२०. आज लंडनचा मैला कुठे जातो? ही जुनी गटारं अजून चालू आहेत?

चालू आहेत, बॅझलजेटच्या विटांच्या गटारांमधूनच आजही दक्षिण लंडनचं सांडपाणी क्रॉसनेसच्या नव्या प्रकल्पाकडे जातं, तिथे व्यवस्थित प्रक्रिया होते. अडचण अशी की ही गटारं पावसाचं पाणी आणि मैला एकत्र नेतात, जोराचा पाऊस झाला की भरून नदीत सांडतात. ते थांबवायला २५ किलोमीटरचा थेम्स टाइडवे बोगदा बांधला, २०२५ च्या सुरुवातीला तो पूर्ण जोडला गेला. गंमत अशी की नाव क्रॉसनेसचं घेतलं जातं पण तो बोगदा क्रॉसनेसला येतच नाही, त्याचं पाणी अ‍ॅबी मिल्सवरून उत्तरेच्या बेकटन प्रकल्पाला जातं. प्रश्न ३ मधलं डेप्टफर्डचं जुनं स्टेशन, ज्याला आता ग्रिनिच म्हणतात, तेही या नव्या बोगद्याला जोडलंय.

२१. जायचं कसं, आणि इंजिन चालू नसेल त्या दिवशी जाण्यात अर्थ आहे का?

एलिझाबेथ लाइनने अ‍ॅबी वूडला उतरा. तिथून बस किंवा अर्ध्या तासाच्या वर चालणं. चालायची आवड असेल तर प्लमस्टेडहून रिजवे नावाची पायवाट धरा, ती चक्क बॅझलजेटच्या मोठ्या गटाराच्या पाठीवरून जाते, पायाखालून आजही सांडपाणी वाहत असतं. म्युझियम रोज उघडं नसतं आणि इंजिन तर ठरावीक स्टीमिंग डेलाच फिरतं, म्हणून ट्रस्टच्या साइटवर तारीख बघून, तिकीट काढूनच निघा, नाहीतर गेटवरून परत यायला लागतं.

पहिल्यांदा जात असाल तर स्टीमिंग डे गाठा. पण ज्यांना लोखंडकाम नीट बघायचंय, फोटो काढायचेत त्यांनी मुद्दाम साध्या दिवशी जावं, गर्दी कमी असते आणि गाइडला वेळ असतो, प्रश्न कितीही विचारा. लहान मुलांना चालतं, फक्त जाळीचे मजले आणि उभे जिने आहेत, चपला घालून जाऊ नका. परत येताना दिवस हातात असला तर अ‍ॅबी वूड स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला लेसनेस अ‍ॅबीचे अवशेष आहेत, ११७८ चे, टेकडीवरून सगळी दलदल आणि नदी दिसते.